मावशी, जरा हळू!

सातवा महिना लागला की आपल्याकडे एक फोन हमखास होतो. डॉक्टरांना नव्हे, मालिशवाल्या मावशींना! चांगल्या मावशी मिळणं म्हणजे गणपतीत कोकणकन्येचं तिकीट मिळण्यासारखं. एरवी नेटवर दहा ठिकाणी वाचल्याशिवाय क्रोसिनही न घेणारी मुलगी या बाबतीत मात्र निमूट आईचं ऐकते. ऐकावंच. पण थोडं आपल्या डोक्यानेही.

आधी गरोदरपणाचं बघू. पोट वाढतं तसा शरीराचा तोल बदलतो, हार्मोन्समुळे सांधे सैलावतात आणि आठ तास खुर्चीत बसणाऱ्या कमरेची पार वाट लागते. अशा वेळी पाठ, मान, खांदे हलक्या हाताने चोळून घेतले तर बरं वाटतं, झोप लागते. डॉ. टिफनी फील्ड यांनी १९९२ मध्ये मायामीत टच रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू केली. तिथल्या छोट्या अभ्यासांतही मालिश घेणाऱ्या गर्भवतींची पाठदुखी आणि चिंता कमी झालेली दिसली. (आपल्या आज्यांना हे कळायला मायामी लागलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.)

मात्र कुशीवर झोपून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. उताणं फार वेळ पडलात तर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि गरगरतं. पोटावर जोर अजिबात नको. रक्तस्राव, वाढलेलं बीपी किंवा लवकर कळा येण्याची भीती असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

खरी मजा बाळंतपणानंतर. कोमट तिळाचं तेल किंवा चंदनबलालाक्षादि, कोकण-गोव्याकडे खोबरेल. रात्रभर बाळाला पाजून आखडलेले खांदे मावशींच्या हाताखाली मोकळे होतात, मग कढत पाण्याने अंघोळ आणि पांघरूण घेऊन झोप. दिवसातला हा एक तास फक्त आईचा. बाकी तेवीस तास सगळे बाळाला बघायला येतात!

पण मावशींचा कार्यक्रम नॉर्मल डिलिव्हरीच्या काळात ठरलेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या खासगी इस्पितळांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. टाके असतील तर डॉक्टर सांगेपर्यंत पोटाला हात नाही. हात, खांदे, पाठ चालेल. आणि 'पोट आत जाईल' म्हणून कचकचून रगडून घेण्यात अर्थ नाही. गर्भाशय आपोआपच साधारण सहा आठवड्यांत मूळपदावर येतं. पोटाच्या स्नायूंना व्यायामच लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं पोटरीचं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका बराच वाढलेला असतो. एकाच पायाला सूज, दुखणं, गरम किंवा लाल वाटणं असं काही दिसलं की 'वात आहे गं, चोळून काढते' हे ऐकू नका. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग प्रकरण जिवावर बेततं. त्या पायाला कुणी हात लावायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. सासूबाई रागावल्या तरी चालेल.

धुरी-शेगडीचंही तसंच. वाड्यातल्या हवेशीर खोलीत खपून जायचं, बंद फ्लॅटमध्ये कोळशाच्या शेगडीचा वायू जीव घेऊ शकतो आणि ओव्या-बाळंतशेपांचा धूर बाळाच्या छातीला बाधतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी आहे की.

मन हलकं व्हायलाही मालिशची मदत होते. पण दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर तेलाच्या बाटलीवर भागणार नाही, डॉक्टरांशी बोला.

आणि मावशी गेल्यावर आईची झोप झालीच पाहिजे. तेवढ्यात बाळ उठलं तर? बाबा आहेत ना! लंगोट बदलायला मावशींइतका अनुभव लागत नाही.