नुसते ‘पास’ आणि त्यापुढची वाट

बडोद्याच्या आमच्या एका वृद्ध स्नेह्यांच्या घरी गेल्या हिवाळ्यात पेढे आले. त्यांची नात अमेरिकेत जन्मली, तेथेच वाढली आणि त्या वेळी तेथील एका वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होती. तिचा शस्त्रक्रिया विभागाचा निकाल लागला होता आणि मुलाने फोनवर “पास झाली” एवढेच कळविले होते. आजोबांनी शेजारीपाजारी पेढे वाटले व रात्री नातीचे अभिनंदन करण्यासाठी फोन लावला, तो पलीकडून हुंदकेच ऐकू आले. “आजोबा, नुसता पास आहे. आता मला सर्जन कोण होऊ देणार?” असे ती म्हणाली. पास झालेल्या मुलीने रडावे, हे आजोबांनी आपल्या आयुष्यात प्रथमच पाहिले. दुसऱ्या दिवशी उरलेले चार पेढे कागदात बांधून ते आमच्याकडे आले आणि खुर्चीवर बसता बसता विचारते झाले, “हा कसला पास, ते मला समजावून सांगा पाहू.”

हा प्रसंग एकाच घरचा नव्हे. गोवे, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील कित्येक मराठी कुटुंबांची मुले-नातवंडे आज समुद्रापलीकडे वैद्यक शिकत आहेत. एकाच शब्दाचे दोन देशांत दोन अर्थ झाले, म्हणजे घरात विनाकारण भीती शिरते, किंवा उलट विनाकारण निश्चिंती येते. म्हणून या ‘नुसत्या पास’चे खरे वजन किती, हे आज वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

श्रेणी कशी ठरते?

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयाचा अभ्यासक्रम साधारणतः चार वर्षांचा असतो आणि त्यात प्रवेश घेणारा विद्यार्थी बहुधा आधीच पदवीधर झालेला असतो. पहिली दीड-दोन वर्षे मुख्यतः वर्गात व प्रयोगशाळेत जातात. त्यानंतर त्याला रुग्णालयात धाडतात. मेडिसिन, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, मनोविकार, कौटुंबिक वैद्यक अशा मुख्य विभागांतून त्याने प्रत्येकी काही आठवडे काम करावयाचे असते. आपल्याकडील विद्यार्थी ज्याला पोस्टिंग म्हणतात, त्यालाच तिकडे रोटेशन किंवा क्लार्कशिप असे नाव आहे.

प्रत्येक रोटेशनच्या अखेरीस श्रेणी मिळते. नावे महाविद्यालयागणिक बदलतात; तथापि ऑनर्स, हाय पास, पास आणि नापास अशी उतरंड पुष्कळ ठिकाणी आढळते. म्हणजे ‘पास’ ही उत्तीर्णांतील सर्वांत खालची पायरी ठरते. ऑनर्सची आशा धरणाऱ्या मुलीला पास मिळाला, म्हणजे आपल्याकडे पहिल्या वर्गाची खात्री असलेल्या मुलाला तिसरा वर्ग मिळावा, तसे झाले. हे ऐकून आजोबांनी पेढ्यांच्या पुडीकडे पाहिले आणि ती हळूच बाजूला सारली.

ही श्रेणी दोन गोष्टींच्या बेरजेतून निघते. त्या विषयाची एक लेखी परीक्षा असते. तिला विद्यार्थी ‘शेल्फ’ परीक्षा म्हणतात. दुसरा आणि बहुधा अधिक भारी भाग म्हणजे ज्या डॉक्टरांच्या हाताखाली विद्यार्थ्याने काम केले, त्यांचे अभिप्राय. रोग्याची हकिकत नीट विचारली काय, सकाळच्या फेरीत ती मुद्देसूद सांगितली काय, परिचारिकांशी व सहकाऱ्यांशी वागणूक कशी होती, हे सारे ते लिहितात. येथेच नशिबाचा थोडा वाटा येतो. एखादे वरिष्ठ डॉक्टर विद्यार्थ्याला महिनाभर पाहतात, तर एखादे दोनच दिवस. आणि अभिप्राय दोघांचाही मागविला जातो.

आमच्या स्नेह्यांच्या नातीच्या अभिप्रायात एक वाक्य दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिले होते. ज्ञान चांगले आहे, परंतु मुलगी स्वतःहून पुढे येऊन बोलत नाही, असा त्याचा आशय होता. हे वाक्य आजोबांना फार लागले. ते म्हणाले, “मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये, हे तिला मीच शिकविले. दर उन्हाळ्यात ती येथे यायची, तेव्हा शिकविले.”

यावर आम्हांला तत्काळ उत्तर सुचले नाही. घरी जो विनय ठरतो, तोच तिकडच्या वॉर्डात कधी कधी उत्साहाचा अभाव ठरतो. मुलीचे त्यात पाप नाही, आजोबांचेही नाही. परंतु निकालपत्रावर त्याची किंमत मुलीला मोजावी लागली.

वजन का वाढले?

वैद्यकीय पदवी हाती आली तरी तिकडे स्वतंत्रपणे व्यवसाय करता येत नाही. त्यासाठी रेसिडेन्सी करावी लागते. शाखेप्रमाणे ती तीन ते सात वर्षांची असते. पूर्वीचे शिकाऊ डॉक्टर खरोखरच रुग्णालयात राहत, म्हणून हे नाव पडले. आपल्याकडे एम.डी. किंवा एम.एस.ची जागा मुख्यतः नीट-पीजी या एका परीक्षेतील क्रमांकावर ठरते. अमेरिकेत तसा एकच क्रमांक नाही. अर्जात परीक्षांचे गुण, रोटेशनच्या श्रेणी, डॉक्टरांची शिफारसपत्रे, स्वतःविषयीचे निवेदन आणि महाविद्यालयाच्या डीनच्या कचेरीचे एक विस्तृत पत्र असते. या पत्रात प्रत्येक रोटेशनची श्रेणी, अभिप्रायांतील उतारे आणि वर्गातील किती जणांना कोणती श्रेणी मिळाली याचा आलेखही बहुधा असतो.

वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला पूर्वी आकडी गुण मिळत आणि मुलाखतीस कोणाला बोलवावे हे ठरविताना अनेक रुग्णालये त्या आकड्यावर फार विसंबत. जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो. दुसऱ्या टप्प्याला मात्र अजूनही आकडी गुण आहेत. एक आकडा नाहीसा झाल्यावर पाहणाऱ्यांची नजर साहजिकच उरलेल्या खुणांकडे वळली, आणि रोटेशनच्या श्रेणी त्यांतील एक ठळक खूण आहे.

शाखेशाखेत अंतर

आता मुख्य प्रश्न. एका ‘पास’ने काय बिघडते? खरे उत्तर असे की, तो कोणत्या विषयात मिळाला आणि विद्यार्थ्याला कोठे जायचे आहे, यावर ते अवलंबून आहे.

त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी, मेंदूची शस्त्रक्रिया, अस्थिशल्य, कान-नाक-घसा या शाखांत जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ. तेथे अर्जांचा पहिला ढीग चाळताना एक मध्यम श्रेणीही डोळ्यांत भरते. ज्या शाखेत जायचे त्याच विषयात ती मिळाली असेल, तर अधिकच. हे पालकांपासून लपविण्यात अर्थ नाही. याउलट मेडिसिन, बालरोग, कौटुंबिक वैद्यक, मनोविकार या शाखांना जाणाऱ्या विद्यार्थ्याला शस्त्रक्रियेत पास मिळाला, तर त्याने बहुधा फारसे अडत नाही. कौटुंबिक वैद्यक व बालरोग या शाखांत तर अलीकडच्या वर्षांत काही जागा पहिल्या फेरीत रिकाम्याही राहिल्या आहेत. सामान्य शस्त्रक्रिया या दोहोंच्या मध्ये येते. तेथे स्पर्धा आहे, पण एका श्रेणीने दार बंद व्हावे इतकी नव्हे. नामांकित विद्यापीठांच्या रुग्णालयांत मात्र ते दार थोडे अरुंद होते.

सरसकट पाहता चित्र भयावह नाही. २०२४ साली अमेरिकेतील एम.डी. महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षातील अर्जदारांपैकी ९३ टक्क्यांहून अधिक जणांना मुख्य फेरीत रेसिडेन्सीची जागा मिळाली. त्या सर्वांना सर्व विषयांत ऑनर्स असणे शक्यच नव्हते.

मापाचेही मोजमाप

ज्या मापाने मुलांना तोलले जाते, ते माप किती अचूक आहे, याचाही शोध झाला आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या श्रेणींचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सर्वोच्च श्रेणी मिळविणाऱ्यांचे प्रमाण एके ठिकाणी २ टक्के, तर दुसऱ्या ठिकाणी ९३ टक्के, इतकी तफावत त्यात आढळली. २०१८ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, अभिप्रायांतील अगदी बारीक फरक श्रेणीपर्यंत पोहोचताना मोठे होतात आणि त्याचा तोटा अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांना अधिक होतो. अशा कारणांनी काही महाविद्यालयांनी मुख्य रोटेशनना उत्तीर्ण-अनुत्तीर्ण याखेरीज श्रेणी देणेच सोडले आहे. निवड करणारे अनुभवी डॉक्टर हे जाणतात. म्हणूनच श्रेणीपाठोपाठ आलेख आणि लेखी अभिप्रायही ते वाचतात.

पुढे काय करावे?

प्रथम अभिप्राय शांतपणे वाचावेत. त्यांत तथ्याची चूक असेल, उदाहरणार्थ दुसऱ्याच विद्यार्थ्याचा अभिप्राय आला असेल किंवा बेरीज चुकली असेल, तर रोटेशनच्या प्रमुखांकडे रीतसर दाद मागावी. केवळ मत कठोर आहे म्हणून भांडण्यात बहुधा वेळ व सद्भाव दोन्ही खर्च होतात. तक्रार करावयाची नसली तरी प्रमुखांची भेट घेऊन “मी कोठे कमी पडलो?” असे अवश्य विचारावे.

दुसरे, चौथ्या वर्षी विद्यार्थ्याला निवडलेल्या शाखेत उमेदवारी करता येते. तीत तो जवळजवळ पहिल्या वर्षाच्या डॉक्टरासारखी जबाबदारी घेतो. जुन्या श्रेणीला याहून चांगले उत्तर नाही. ज्या वरिष्ठांनी ही सुधारणा प्रत्यक्ष पाहिली, त्यांचे शिफारसपत्र निकालपत्रातील एका शब्दापेक्षा पुष्कळदा अधिक बोलते. तिसरे, परवान्याच्या परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात चांगले गुण मिळवावेत. चौथे, अर्ज करताना केवळ नामांकित ठिकाणांच्या मागे न लागता, महाविद्यालयातील सल्लागारांना विचारून मोठ्या-लहान रुग्णालयांची समतोल यादी करावी. आणि मुलाखतीत त्या श्रेणीविषयी विचारलेच, तर सबबी न सांगता काय चुकले व नंतर काय बदलले, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे.

शेवटची पायरी जागावाटपाची; तिला ‘मॅच’ म्हणतात. १९४० च्या दशकात रुग्णालये विद्यार्थ्यांना फार आधीच गाठीत आणि काही तासांच्या मुदतीत होकार मागत. हा गोंधळ थांबविण्यासाठी १९५२ पासून एक मध्यवर्ती पद्धत सुरू झाली. विद्यार्थी रुग्णालयांची पसंतीक्रमाने यादी देतो, रुग्णालये विद्यार्थ्यांची देतात, आणि दोन्ही याद्यांचा मेळ घातला जातो. १९९८ पासून वापरात असलेली रीत ॲल्विन रॉथ व इलियट पेरॅनसन यांनी बसविली. या विषयातील कार्याबद्दल रॉथ व लॉइड शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यातील मर्म इतकेच की, यादी आपल्या खऱ्या आवडीप्रमाणे द्यावी. “मला पास आहे, मोठे रुग्णालय कशाला घेईल?” अशा भीतीने आवडते ठिकाण खाली ढकलल्यास लाभ काहीच होत नाही, वर लिहिले म्हणून खालच्या ठिकाणची संधी कमी होत नाही.

भारतात एम.बी.बी.एस. करून तिकडे जाणाऱ्यांची स्थिती निराळी आहे. त्यांना येथील पोस्टिंगमधील मध्यम शेऱ्याची चिंता तितकी नसते. दुसऱ्या टप्प्याचे गुण, अमेरिकेतील रुग्णालयात घेतलेला अनुभव, तेथील डॉक्टरांची पत्रे आणि व्हिसा यांची असते. २०२४ साली परदेशी महाविद्यालयांतून आलेल्या, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या अर्जदारांपैकी साठ टक्क्यांहून थोड्या कमी जणांनाच जागा मिळाल्या. बेळगाव-बडोद्याच्या पालकांनी कर्ज काढण्यापूर्वी हा आकडा लक्षात ठेवावा.

हे सर्व आम्ही आजोबांना दोन-तीन बैठकांत सांगितले. त्यांनी ते वहीत टिपून घेतले. त्या रविवारी फोन केला तेव्हा त्यांनी नातीला श्रेणीविषयी काहीच विचारले नाही. ते म्हणाले, “बाळ, मोठ्यांपुढे गप्प राहायला मी तुला सांगितले होते. ते घरापुरते. रोग्यासाठी बोलायचे असेल तेव्हा बोलत जा. माझी परवानगी आहे.” पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही, मग ती हसली, असे त्यांनी आम्हांला सांगितले.

नात आता चौथ्या वर्षात आहे. शस्त्रक्रियेची उमेदवारी तिने उन्हाळ्यात पुरी केली, आणि तेथील एका वरिष्ठांनी आपण होऊन पत्र देऊ केले. सप्टेंबरात अर्ज गेले आहेत. मुलाखतीची काही बोलावणी आली, काही मोठ्या ठिकाणांहून आली नाहीत. निकाल मार्चमधील एका शुक्रवारी कळेल. तो कसा लागेल हे आज कोणालाच सांगता येणार नाही, आणि आजोबांनीही या खेपेस पेढ्यांची मागणी आगाऊ नोंदविलेली नाही. मात्र दर रविवारी ते नातीला एक प्रश्न विचारतात, “या आठवड्यात कोण रोगी बरा होऊन घरी गेला?” ज्या घरांतून मुले अशा परीक्षांना बसली आहेत, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीही हा प्रश्न विचारून पाहावा, अशी आमची विनंती आहे.