कागद कोठे थांबतो?

वेदगंगेच्या परिसरातील मुरगूड हे कागल तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. अशा गावी रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला कार्यालयात ‘उद्या या’ असे सांगितले गेले, की त्याचा एका दिवसाचा रोजगार बुडतो. विलंबाचा दोष बहुधा कर्मचाऱ्याच्या आळसाला दिला जातो. परंतु कामाची पद्धत तपासल्याखेरीज कर्मचाऱ्याची कार्यक्षमता ठरविता येत नाही.

समजा, मालमत्ता कराच्या उताऱ्याचा एक अर्ज नऊ दिवसांनी निकाली निघाला. त्याचा प्रवास तारीखवार मांडला असता असे दिसेल: आवक नोंद होईपर्यंत २ दिवस, जुनी नोंद सापडेपर्यंत ४ दिवस आणि स्वाक्षरीसाठी ३ दिवस. प्रत्यक्ष काम मात्र अर्ध्या तासाचे! येथे उपाय आपोआप सुचतात. टपालाचे वाटप त्याच दिवशी करावे, दप्तर लावून घ्यावे आणि स्वाक्षरीची वेळ ठरवावी.

एवढे करूनही एकाच टेबलावर कागद साचत असतील, तर तेथील आवक व निपटारा यांचे आकडे पाहावेत. कामाचा बोजा अधिक असल्यास फेरवाटप, नियमांची माहिती अपुरी असल्यास प्रशिक्षण, आणि या दोन्ही अडचणी नसतील तरच शिस्तीची कारवाई, हा क्रम न्याय्य ठरतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपल्या कार्यालयाची बैठकव्यवस्था, दप्तर आणि कामाची पद्धत यांची फेरमांडणी केली. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून तो प्रयोग ओळखला जातो. पुढे २०१७ मध्ये पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम राबविली. कोल्हापूर जिल्हा याच विभागात येतो.

दप्तरासाठी सहा गठ्ठ्यांची पद्धत उपयुक्त ठरली आहे. प्रलंबित प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद असे हे गठ्ठे होत. यामुळे लिपिकाचा शोधाशोधीत जाणारा वेळ वाचतो. कार्यविवरण नोंदवहीचा साप्ताहिक गोषवारा काढल्यास किती कागद आले, किती निकाली निघाले व किती उरले, हे वरिष्ठांना एका दृष्टिक्षेपात कळते.

कायद्याचीही जोड आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. मात्र मुदत पाळण्याची ताकद कार्यालयाच्या मांडणीतूनच येते.

गोषवारा हे कर्मचाऱ्याला धारेवर धरण्याचे हत्यार होता कामा नये. तसे झाल्यास आकडे सुधारतील, काम सुधारणार नाही. लोकप्रतिनिधींनी व अधिकाऱ्यांनी गोषवारा समोर ठेवून ‘कोण चुकले?’ यापूर्वी ‘कागद कोठे थांबला?’ हा प्रश्न विचारावा. रोजगार बुडवून आलेल्या माणसाचा दुसरा हेलपाटा त्यानेच वाचेल.