तळ्यातला तो, ज्याला सगळं आठवतं

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या राक्षसकोशात अक्षरक्रमाने दुसऱ्याच नंबरावर अ‍ॅबोलेथ येतो. चित्र बघून आधी हसूच येतं. वीस फुटी मासा, बुळबुळीत अंग, चार लांबलचक शुंडकं आणि डोक्यावर तीन डोळे, तेही रेल्वेच्या सिग्नलसारखे एकाखाली एक. मग खालचा मजकूर वाचत गेलं की हसू हळूहळू ओसरतं. या माशाला सगळं आठवतं. स्वतःचं आयुष्य तर आठवतंच, ज्याच्यापासून तो जन्मला त्याचंही आठवतं, त्याच्या आधीच्याचंही. मागे मागे जात ही साखळी अशा काळापर्यंत पोचते, जेव्हा जगात देवच नव्हते आणि अ‍ॅबोलेथांचं राज्य होतं. मग देव आले आणि राज्य गेलं. तो पराभव त्यांच्या डोक्यात काल घडल्यासारखा ताजा आहे. मारून टाकलं तरी फायदा नाही. देह संपतो, आत्मा पाण्याच्या मूळ लोकात जातो आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी नवं शरीर घेऊन उभा राहतो. तुमचा चेहरा लक्षात ठेवून.

हा खेळ ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, तो डंजन मास्टर. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र आता काय करतं ते बोलून सांगायचं. जमलं की फसलं हे फासा ठरवतो, बहुतेक वेळा वीस बाजूंचा. राक्षस म्हणजे या गोष्टीतला आकड्यांचा तक्ता: मार किती सोसतो, किती देतो. अ‍ॅबोलेथच्या तक्त्यात मात्र एक वेगळीच ओळ आहे. दिवसातून तीन वेळा तो समोरच्याचं मन काबीज करू शकतो. पात्राच्या अंगी खास शहाणपण नसेल तर सुटायला फाशावर १४ किंवा त्याहून जास्त पडावं लागतं, म्हणजे शक्यता शेकडा ३५. नाही पडलं, तर कित्येक रविवार तुमच्या खांद्याला खांदा लावून लढलेला मित्र त्या क्षणापासून माशाचा चाकर. सुटकेची पुढची संधी त्याला मार बसला की मिळते. म्हणजे मित्राला शुद्धीवर आणायचं तर त्याला बडवायचं! नियमाच्या एका ओळीने टेबलावरची मैत्री अशी पणाला लावणं, याला मी उत्तम लेखन म्हणतो.

शुंडकाचा स्पर्श त्याहून वाईट. लगेच उपचार झाले नाहीत तर मिनिटभरात कातडी पारदर्शक आणि चिकट होते. मग पाण्याबाहेर जखमा भरत नाहीत आणि दर दहा मिनिटांनी अंग ओलं केलं नाही तर कातडी भाजून निघते. तळ्यापासून पळालेला माणूस अशा रीतीने आपल्याच पायांनी तळ्याकडे परत येतो. आसपास मैलभरातलं पाणीही नासलेलं. प्यायलात की काही मिनिटांत उलटी. यमुनेच्या डोहातला कालिया आपल्याकडच्या वाचकाला इथे आठवणारच. तोही आधी पाणी नासवतो, मग स्वतः दिसतो.

हा खेळ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला, तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून. गाव तळ्याकाठचंच. अ‍ॅबोलेथ मात्र सात वर्षांनी आला. डेव्हिड कुक, ज्याला सगळे 'झेब' म्हणतात, त्याने १९८१ साली 'ड्वेलर्स ऑफ द फॉरबिडन सिटी' हे साहस लिहिलं आणि जंगलात हरवलेल्या त्या शहरात हा प्राणी पहिल्यांदा दिसला. त्याच वर्षी सँडी पीटरसनचा 'कॉल ऑफ क्थुलू' हा खेळ आला. तो बेतला होता एच. पी. लव्हक्राफ्टच्या कथांवर, ज्यात माणसाच्या आधीपासून असलेले, माणसाला मोजतही नसलेले प्राचीन जीव खोल पाण्याखाली पडून असतात. गायगॅक्सने १९७९ मध्ये आपल्या खेळावर प्रभाव टाकणाऱ्या लेखकांची यादी छापली, तिच्यातही लव्हक्राफ्ट होता. ही कल्पना त्या काळी हवेतच होती म्हणा ना.

पण मला या कुळातला सगळ्यात जवळचा नातेवाईक वाटतो तो इंग्लंडमधला. रॅम्सी कॅम्बेलचा पहिला कथासंग्रह १९६४ साली आला तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. त्यातल्या शीर्षककथेत ग्लाकी नावाचा जीव एका तळ्याच्या तळाशी राहतो. त्याला तीन डोळे आहेत, अंगावर काटे आहेत आणि काटा टोचला की माणूस कायमचा त्याचा गुलाम. तीन डोळे, तळं, गुलाम. साम्य डोळ्यांत भरतं. हा ग्लाकी आकाशातून उल्केत बसून आलेला आहे आणि ती उल्का आदळून जो खड्डा पडला, तेच त्याचं तळं. बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाने इथे कान टवकारले असतील. त्याच्याकडे येतोच.

आधी एक साधा प्रश्न. शुंडकं असलेला, हुशार, मोठा प्राणी तळ्यात राहू शकतो का? समुद्रात तर आहेतच असे. ऑक्टोपस आहे, आणि कोकणातल्या मासळीबाजारात रोज विकायला येणारी माकूळही त्याच घराण्यातली. या घराण्याच्या आज सुमारे आठशे जाती आहेत आणि गोड्या पाण्यात राहणारी त्यांत एकही नाही. त्यांचे चुलत भाऊबंद, म्हणजे गोगलगाई आणि शिंपले, नद्यांत शिरले, तळ्यांत शिरले, गोगलगाई तर बागेतही आल्या. ऑक्टोपस आणि माकूळ कोट्यवधी वर्षं नदीच्या तोंडाशी येऊन मागे फिरत राहिले. अडचण मिठाची. त्यांच्या अंगातला द्राव समुद्राइतकाच खारट असतो. गोड्या पाण्यात टाकलं तर बाहेरचं पाणी भराभर आत घुसतं, आतले क्षार टिकत नाहीत आणि जीव जातो. ओक्लाहोमातल्या तळ्यांत मोठा ऑक्टोपस राहतो अशी एक अमेरिकन वदंता आहे. ज्या तीन तळ्यांची नावं त्यासाठी घेतली जातात ती तिन्ही विसाव्या शतकात धरणं बांधून तयार झालेली आहेत. प्राचीन राक्षसाला राहायला अगदी नवी वसाहत.

आणि ऑक्टोपस प्राचीन होऊच शकत नाही, ही त्याची खरी शोकांतिका. पन्नास कोटींच्या आसपास चेतापेशी, त्यांतल्या बहुतांश आठ बाहूंमध्ये पसरलेल्या. बरणीचं झाकण उघडणारा, माणसं ओळखणारा हा प्राणी बहुतेक जातींत वर्ष-दोन वर्षांत संपतो. मादी अंडी घालते, खाणं सोडून त्यांची राखण करते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत मरते. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की या शास्त्रज्ञाने अशा माद्यांच्या डोळ्यांजवळच्या दोन छोट्या ग्रंथी काढून टाकल्या. माद्या अंडी सोडून पुन्हा खायला लागल्या आणि पुष्कळ जास्त जगल्या. मरणाची आज्ञा तिथून येत होती! पण निसर्गात ती येतेच. आई पिल्लाला काही शिकवत नाही, पिल्लू आईला पाहतही नाही. प्रत्येक ऑक्टोपसने सगळं पहिल्यापासून शिकायचं आणि शिकून होतंय तोवर जायचं. अ‍ॅबोलेथच्या बरोबर उलट टोक.

मग तळ्यात शुंडकंवाला, न मरणारा कोणीच नाही? आहे, आणि त्याची आकृती आपण सगळ्यांनी शाळेत काढलेली आहे. हायड्रा. लांबी काही मिलिमीटर, डबक्यातल्या पानाला चिकटलेला, तोंडाभोवती शुंडकांचं कडं. अब्राहम ट्रेंब्ले हा मूळचा जिनिव्हाचा, म्हणजे अस्सल जिनिव्हाचा, तरुण हॉलंडमध्ये एका सरदाराच्या मुलांचा शिक्षक होता. ही वनस्पती की प्राणी, हे पाहायला त्याने १७४० मध्ये हायड्राचे दोन तुकडे केले. दोन्ही तुकड्यांपासून दोन पूर्ण हायड्रा झाले. युरोपभरच्या विद्वानांची झोप उडाली. त्यांना जी गोष्ट ठाऊक नव्हती ती आपल्या काळात कळली. डॅनिएल मार्टिनेझ या जीवशास्त्रज्ञाने हायड्रा वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत सांभाळले आणि त्यांच्यात म्हातारपणाची खूणच सापडेना. पुढे २०१५ साली दोन हजारांवर हायड्रांच्या नोंदी छापल्या गेल्या. वय वाढलं तरी मरण्याची शक्यता वाढत नव्हती. प्रयोगशाळेतला सुरक्षितपणा कायम मिळाला तर १४०० वर्षांनंतरही शंभरातले पाच जिवंत असतील, असा हिशेब निघाला.

हे साधतं कसं, तर अंगातल्या मूळपेशी सतत विभागत राहतात, नव्या पेशी जुन्यांना टोकांकडे ढकलतात आणि जुन्या तिथून गळून पडतात. काही आठवड्यांत जवळपास सगळं शरीर नवं. मेंदू नाहीच, चेतापेशींचं विरळ जाळं आहे आणि तेही बदलत राहतं. म्हणजे हायड्रा अमर आहे तो स्वतःला सतत टाकून देत असल्यामुळे. काही धरून ठेवलं तर म्हातारपण येईल. अ‍ॅबोलेथ सगळं धरून ठेवून अमर आहे. मला हा विरोध गमतीचा वाटतो, कारण काल्पनिक राक्षसाचं हे अशक्यपण खऱ्या प्राण्याकडे पाहिल्यावरच कळतं.

आठवण ठेवणारं तळ्यात कोणी असेल तर ते तळंच. जपानच्या सुइगेत्सु तळ्याच्या तळाशी दर वर्षी गाळाचा एक फिका आणि एक गडद थर बसतो. असे सुमारे ७०,००० वर्षांचे थर तिथे आहेत. जगभरचे पुरातत्त्वज्ञ कार्बनवरून काळ काढतात, तेव्हा आपलं घड्याळ या गाळाशी ताडून बघतात. तसंच काम बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या तळ्याने केलंय. तिथल्या गाळाचा सुमारे दहा मीटर लांबीचा गाभा काढला गेला, त्यात अकरा हजार वर्षांचा पाऊस नोंदलेला सापडला. खूप पाणी आटतं तेव्हाच तयार होणारं गेलुसाइट हे खनिज काही थरांत मिळालं. त्यातले काही थर साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचे. दुष्काळाची ही नोंद ठेवायला तेव्हा तिथे कोणी लिहिणारं नव्हतं.

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं, आणि अर्गॉन वायूवरून काढलेलं त्याचं वय सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं. पाणी इतकं खारं आणि अल्कधर्मी की पिण्याचा प्रश्नच नाही. जून २०२० मध्ये तर मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते चक्क गुलाबी झालं होतं. आणि इथे राक्षसही आहे. लोणासुर जमिनीखालच्या विवरात लपून राहायचा. विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात आला, राक्षसाच्या बहिणींकडून त्याने जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्याने विवरावरचं झाकण उडवून दिलं. ते झाकण म्हणजे ढाकेफळजवळची टेकडी. तळ्यातलं पाणी म्हणजे राक्षसाचं रक्त आणि मीठ म्हणजे त्याचं कुजलेलं मांस. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ याच कथेतल्या विष्णूचं.

डंजन मास्टरला आणखी काय हवं? आकाशातून पडलेला खड्डा, न पिण्याजोगं पाणी, काठावरची जुनी देवळं, आणि देवाने हरवलेला, जमिनीखाली राहणारा कोणी एक. कॅम्बेलच्या ग्लाकीलाही ही जागा पसंत पडली असती. पात्रं विवराच्या काठावर गोमुखाच्या गोड धारेशी पखाली भरून घेतील, कारण त्यानंतर पिण्याचं पाणी नाही. मग उतरतील. मी असतो तर शुंडकं शेवटपर्यंत बाहेर काढलीच नसती. काठाशी पोचल्यावर त्यांच्या डोक्यात एक आवाज बोलायला लागेल आणि झाकण उडालं त्या दिवशीची हकिकत त्याच्या बाजूने सांगेल. त्याच्याशी मनातल्या मनात एक शब्द जरी बोलला, तरी खेळाच्या नियमाप्रमाणे तुमची सगळ्यात मोठी इच्छा त्याला कळते. कोणीतरी उत्तर देणारच. पुढचं फाशावर.