न्हाणीघरातील बंब आणि त्याचे वारस

बेळगाव-निपाणी भागातील जुन्या न्हाणीघरांत ज्या तांब्याच्या बंबाची जागा आता गीझरने घेतली आहे, त्याची रचना ध्यानी आली म्हणजे त्याच्या वारसांची रचना समजणे सुलभ होते. बंबाच्या उदरातून उभी गेलेली नळी हे त्याचे मर्मस्थान. तिच्या तळाशी जाळीवर लाकडे वा कोळसे पेटत, जाळीखालून हवा आत ओढली जाई, राख खाली गळे, आणि नळी चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली असल्यामुळे वर चढणाऱ्या ज्वाळेची पुष्कळशी उष्णता त्या पाण्यातच उतरे. ही तजवीज मला आजही विलक्षण बुद्धिमान वाटते. शिवाय पाणी भरण्याचे तोंड हवेला मोकळे असल्याने दाबाची धास्ती नसे.

गच्चीवरील सौर यंत्रात तापून हलके झालेले पाणी आपोआप वरच्या टाकीत चढते. आपला मुलूख विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १६ अंशांवर असल्यामुळे त्याचे तोंड दक्षिणेकडे ठेवतात.

गीझरची टाकी मात्र बंदिस्त. थंड पाणी तळाशी सोडणारी नळी, गरम पाणी माथ्यावरून उचलणारी दुसरी, उष्णतेचे नियमन करणारा थर्मोस्टॅट आणि स्वतः झिजून टाकीस गंजापासून राखणारी मॅग्नेशियमची कांडी, इतका सरंजाम असूनही खरा पहारेकरी सेफ्टी व्हॉल्व्हच. कारण १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की जवळजवळ पाव लिटरने फुगते. तापताना त्यातून थेंब गळले, तर वाचकांनी तो बूच मारून कदापि बंद करू नये.