खिजरी तलाव ते सलीम अली सरोवर : थंडीतल्या पाहुण्यांचे पाणी

औरंगाबादमध्ये (आताचे छत्रपती संभाजीनगर) दिल्ली दरवाजाजवळ, हिमायत बागेसमोर एक जुना तलाव आहे. मुघल काळात त्याला खिजरी तलाव म्हणत. आपल्या लोकपरंपरेत ख्वाजा खिज्र यांचं नाव पाण्याशी जोडलेलं आहेच. आज हाच तलाव सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो.

हे सलीम अली कोण, असं आम्ही वर्गात विचारतो तेव्हा फार थोडे हात वर होतात. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. गळ्यावर पिवळा डाग असलेली एक वेगळीच चिमणी त्यांच्या हाती आली. ती कोणती, हे विचारायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि पुढे आयुष्यभर पक्ष्यांचाच झाला. औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं, त्या काळात हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणीही त्यांनी केली. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आता पाहुण्यांकडे वळू. उत्तरेत, सायबेरिया आणि मध्य आशियात, हिवाळ्यात पाणी गोठतं आणि त्याखालचं खाणं बंद होतं. म्हणून थापट्या, तलवार बदक, भुवई बदक असे पक्षी हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. थापट्याची चोच गवंड्याच्या थापीसारखी रुंद असते. तिच्यातून पाणी गाळून तो बारीक जीव खातो. ही बदकं सहसा खोल बुडी मारत नाहीत, म्हणून त्यांना उथळ काठ लागतो. लपायला पाणगवत लागतं आणि उतरायला मोकळं पाणी.

हे बिघडतं कसं? तलावात सांडपाणी आलं की जलपर्णीला खत मिळतं. ती पाण्यावर गालिच्यासारखी पसरते, खाली प्राणवायू कमी होतो, मासे मरतात आणि बदकांना उतरायला जागा उरत नाही. गोंगाटाने पक्षी पुन्हापुन्हा उडाले, तर परतीच्या प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी खर्च होते. संक्रांतीच्या दिवसांतला नायलॉन मांजा तर पंखच कापतो.

म्हणून पालकांना आमचं सांगणं एवढंच : थंडीत मुलांना जवळच्या एखाद्या तलावावर सकाळी घेऊन जा. लांबूनच पाहा, आवाज करू नका, पाव-बिस्किटं टाकू नका. घरात नायलॉन मांजा येऊ देऊ नका. नाल्याचं पाणी तलावात जाताना दिसलं, तर नगरसेवकाला आणि महापालिकेला लेखी कळवा.

तलावाला सलीम अलींचं नाव दिलं, हे चांगलंच झालं. पण त्या पाण्यावर पक्षी उतरत राहिले, तरच त्या नावाची इज्जत राहील.