शिवाराची नवी राखण

फ्लॉवरचा गड्डा चिरताना आतून एखादी हिरवी अळी वळवळत बाहेर आली, की आमच्या घरात एकच गहजब उडतो. मुले किंचाळतात, सौभाग्यवती भाजीवाल्याचा उद्धार करते आणि तो गड्डा थेट केराच्या टोपलीची वाट धरतो. माझी आई तेवढी शांत असते. "अगं, टाकतेस कशाला? अळी जगलीय ना त्यात? मग आपणही जगू!" असे म्हणून ती गड्डा मिठाच्या पाण्यात बुडवते.

आईचे हे तर्कशास्त्र हसण्यावारी नेण्याजोगे नाही. भाजी निष्कलंक हवी, असा आपला शहरवासीयांचा आग्रह. तो पुरवण्यासाठी शेतात कोणीतरी पाठीवर पंप बांधून फिरत असतो. पंपात जे असते त्याला शेतकरी 'औषध' म्हणतो. 'औषध मारायला गेलोय' हे त्याचे नित्याचे बोलणे. भाषा शिकवणे हा माझा व्यवसाय असल्याने या शब्दापाशी मी नेहमी अडखळतो. पिकाला ते औषध, अळीला ते विष. पण दोहोंच्या मधे उभ्या असलेल्या माणसाला ते काय, हे मात्र तो शब्द सांगत नाही.

ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने सांगितले. त्या वर्षी कपाशी कित्येक ठिकाणी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारणी करणाऱ्याला नळी उंच धरावी लागे, आणि तुषार उलटून त्याच्याच तोंडावर नि छातीवर पडत. हवा दमट, अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर एखादे फडके, आणि दोन-तीन विषे एकत्र कालवण्याची पडलेली रीत! शेकडो माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विसाहून अधिक प्राणांस मुकली. मेलेल्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारे मजूरही होते. शेत त्यांचे नव्हते, पीक त्यांचे नव्हते. विष मात्र त्यांच्या वाट्याला आले.

वाचकहो, राखण ही गोष्ट आपल्या शेतीला नवी नाही. जोंधळ्याच्या शेतात माळा असे, माळ्यावर गोफण घेतलेला राखणदार असे. पाखरांचा थवा ज्या कोपऱ्यात उतरे, त्याच कोपऱ्यात त्याचा गोटा जाई. म्हणजे तो आधी बघे आणि मग मारी. रासायनिक विषाने हा क्रम मोडला. डीडीटीचे कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पाउल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा जगाला हर्ष झाला होता. पुढे १९६२ साली रेचेल कार्सन या विदुषीने 'सायलेंट स्प्रिंग' लिहून त्या हर्षाची दुसरी बाजू दाखवली. विषाला डोळे नसतात. सुक्याबरोबर ओलेही जळते, तशी अळीबरोबर मधमाशीही मरते आणि अळ्यांवर जगणारा कोळीही मरतो. शिवाय ज्या थोड्या अळ्या विष पचवून उरतात, त्यांची प्रजा त्या विषाला भीक घालीत नाही. मग मात्रा वाढते, नवे विष येते आणि पंप पुन्हा पाठीवर चढतो.

आता या गोष्टीत ड्रोनचा प्रवेश होतो. २०२० साली पाकिस्तानच्या बाजूने टोळधाड आली आणि मे महिन्यात पार अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत पोचली. टोळ रात्री झाडांवर वस्तीला उतरतात. जिथे माणसाचा हात आणि गाडीचे चाक पोचेना, अशा उंच झाडांवर आणि राजस्थानातल्या वाळूच्या टेकड्यांवर त्या वर्षी ड्रोनने फवारणी करण्यात आली. आज हेच यंत्र साध्या शेतावरही दिसते. साधारण दहा लिटरची टाकी घेऊन ते पिकाच्या वर थोड्या उंचीवरून जाते आणि एकराचे काम दहाएक मिनिटांत उरकते. त्याच्या पंख्यांच्या वाऱ्याने पाने हलतात, त्यामुळे तुषार पिकाच्या आतवर शिरतात. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माणूस बांधावर उभा असतो. विषाची टाकी त्याच्या पाठीवरून उतरते. यवतमाळ ज्याला आठवते, तो या एका गोष्टीसाठीही यंत्राला दुवा देईल.

यंत्र महाग आहे, हे खरे. म्हणून २०२३ साली केंद्र सरकारने १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. गटाने यंत्र चालवावे, शेतकऱ्याने ते भाड्याने घ्यावे, अशी ती कल्पना. काल खुरपणीला जाणारी बाई आज 'ड्रोन दीदी' होऊन आकाशात यंत्र नाचवते, हे दृश्य कोणाला सुखावणार नाही?

तरीपण एक प्रश्न उरतोच. ड्रोनने विष उडवले म्हणून विषाला डोळे आले काय? नाही. पाण्याचे प्रमाण कमी असल्याने ड्रोनचे द्रावण उलट अधिक तीव्र असते, आणि वारा सुटला तर शेजाऱ्याच्या विहिरीवर नि मधमाश्यांच्या पोळ्यावरही जाऊ शकते. पंपाला पंख फुटले, एवढेच! खरी नवलाई पुढे आहे.

ट्रायकोग्रामा नावाची एक गांधीलमाशीच्या कुळातली चिमुकली आहे. लांबी एका मिलिमीटरपेक्षाही कमी. ती पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते, त्यामुळे अळी जन्मण्यापूर्वीच संपते. आपले ऊस बागायतदार या मित्रकीटकाची 'ट्रायकोकार्डे' पानांना टाचतात. युरोपात मक्यावर आणि ब्राझीलमध्ये उसावर हेच मित्र ड्रोनमधून सोडतात. हॉलंडमधल्या डेल्फ्ट येथे तर याहून गंमत आहे. काचघरातले कॅमेरे उडता पतंग हेरतात, तळहाताएवढा ड्रोन झेपावतो आणि आपल्या पात्यांनीच त्याचा निकाल लावतो. विषाचा थेंबही लागत नाही.

आणि लेसर? २०१० साली अमेरिकेत नेथन मिरवोल्ड यांनी लेसरने उडते डास टिपण्याचे प्रात्यक्षिक दाखवले. त्यांचे यंत्र पंखांच्या फडफडीच्या वेगावरून डासाची मादी ओळखते, कारण चावते ती मादीच. २०२३ साली जपानच्या ओसाका विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या परिचयाच्या एका शत्रूचे मर्मस्थान शोधले. सोयाबीनवर आणि कोबी-फ्लॉवरवरही ताव मारणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीचा तो पतंग. त्याच्या छातीवर आणि तोंडाकडच्या भागावर निळ्या लेसरचा किरण पडला, की तो कोसळतो. हा पतंग वेडावाकडा उडतो, म्हणून क्षणानंतर तो कुठे असेल याचे गणित यंत्राला आधीच मांडावे लागते. हा प्रकाशाचा बाण नेमका त्याच पतंगाला लागतो, आणि त्याचे विष मातीत उरत नाही.

अर्थात हे अजून प्रयोगाचे काम आहे. बोंडाच्या आत दडून बसलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत कोणताही किरण पोचत नाही. मधमाशी आणि पतंग यांतला भेद यंत्राला चुकून चालणार नाही. आणि शेतात निंदणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर किरण गेला, तर एका अनर्थाच्या जागी दुसरा यायचा. पण दिशा योग्य आहे. आधी बघावे, ओळखावे आणि मगच मारावे, हा माळ्यावरच्या राखणदाराचा जुना धर्म यंत्र पुन्हा शिकू लागले आहे.

यंत्र शिकते आहे. प्रश्न आपला आहे. डाग नसलेलेच वांगे आणि छिद्र नसलेलेच पान उचलायचे, असे आपण ठरवले, तर शेतकरी बिचारा फवारणी थांबवणार कधी? या दिवाळीत बाजारातून फ्लॉवर आला आणि त्यातून एखादी अळी निघाली, तर निदान आमच्या घरी तो गड्डा टोपलीत जाऊ नये, असे मी ठरवले आहे. मिठाचे पाणी मीच करीन.