एकच घागर, तीन वाटेकरी

उन्हाळ्यात घरात नवा माठ आला की लहान मुले हमखास विचारतात, ‘यातले पाणी फ्रीजशिवाय गार कसे होते?’ माठाच्या अंगातून पाणी झिरपते, हवेत त्याची वाफ होते आणि जाताना ती वाफ माठातली उष्णता घेऊन जाते. आपले शरीरही नेमके हेच करते. माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर पडते. म्हणूनच भर उन्हात कुदळ चालवणाऱ्या माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकू शकते.

परंतु वाचक बंधू-भगिनींनो, हे पाणी येते कोठून? ते रक्तातूनच येते. त्याच पाण्यावर आणखी दोन कामे अवलंबून असतात. एक म्हणजे रक्तातील पाणी व मीठ यांचा मेळ राखणे आणि दुसरे म्हणजे शरीरातील घाण बाहेर टाकणे. घागर एक आणि वाटेकरी तीन! एकाने जास्त घेतले की दुसऱ्याला कमी पडणारच. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२० च्या दशकात शरीराच्या या समतोलाला ‘होमिओस्टॅसिस’ असे नाव दिले.

हा समतोल प्रत्येक प्राणी आपापल्या परीने राखतो. म्हशीची कातडी काळी, शिवाय गाईच्या मानाने तिला घामाच्या ग्रंथी कमी. म्हणून ती डबक्यात डुंबते आणि अंगाला चिखल फासून घेते. लोक त्याला आळस म्हणतात, पण ती तिची गरज आहे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. कावळे-कोंबड्या दुपारी चोच वासून बसतात, तेही तोंडातील ओलाव्याची वाफ करण्यासाठीच.

उंटाची तऱ्हा तर आणखी निराळी. त्याच्या मदारीत पाणी साठवलेले असते असा पुष्कळांचा समज आहे, पण तिच्यात असते चरबी. श्मिट-निल्सन या शास्त्रज्ञाने १९५३-५४ मध्ये सहारा वाळवंटात उंटांचा अभ्यास केला. पाणी न मिळालेल्या उंटाचे तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ४० च्या वर चढते, असे त्याला दिसले. म्हणजे उंट दिवसाची उष्णता अंगात साठवतो आणि रात्रीच्या गारव्यात सोडून देतो. त्यामुळे घामाचे पाणी वाचते. वजनाच्या चौथ्या हिश्शाइतके पाणी गमावूनही तो जगतो. माणसाने दहाव्या हिश्शाइतके गमावले तरी जिवावर बेतते.

घाण टाकण्याच्याही तीन रीती आहेत. प्रथिने पचली की नायट्रोजनची विषारी घाण उरते. मासे बहुतांशी ती अमोनियाच्या रूपात सरळ पाण्यात सोडतात. पक्ष्यांना अंगावर पाण्याचा भार नको असतो, म्हणून ते तिचे युरिक आम्ल करतात. पक्ष्याच्या विष्ठेतील पांढरा भाग तो हाच. माणूस, गाय, शेळी यांच्या शरीरात तिचा युरिया होतो आणि तो धुऊन काढायला पाणी लागते.

हे धुण्याचे काम आपली दोन मूत्रपिंडे करतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात त्या मिळून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक परत रक्तात जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होते. पाणी कमी पडले की मूत्रपिंडे लघवी दाट करतात. मात्र रक्ताच्या चौपटीहून फारशी दाट लघवी माणसाला करता येत नाही. मग लघवी पिवळीजर्द होते, जळजळते आणि आपण म्हणतो, ‘उन्हाळी लागली.’ ती शरीराने दिलेली नोटीसच समजावी. वारंवार असे घडले तर मुतखडा होऊ शकतो. मध्य अमेरिकेत उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे मोठ्या प्रमाणावर निकामी झाली, आणि त्यामागे उष्णता व पाण्याची ओढ हे मोठे कारण असावे असे संशोधक मानतात. आपल्याकडील ऊसतोड कुटुंबांनी हे ध्यानात घ्यावे.

येथे आमच्या भगिनींशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. शेतावर, बांधकामावर, बाजारात बसणाऱ्या कित्येक स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांना तहान लागत नाही असे नव्हे, लघवीला जायला आडोसा नसतो म्हणून त्या पीत नाहीत. पाणी न पिणे आणि लघवी तुंबवणे या दोन्हींमुळे मूत्रमार्गाचे आजार बळावतात. कामाच्या जागी पाणी, सावली आणि मुतारी मागणे ही चैन नव्हे. सासरच्यांनी, मुकादमाने आणि मालकाने हे समजून घ्यावे.

दमट हवेचा धोकाही ओळखावा. नागपुरात माठ जितका गार होतो तितका मुंबईत होत नाही, कारण दमट हवेत वाफ कमी होते. घामाचेही तसेच. तो नुसता ओघळतो, पण अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरला उघड्या मैदानावरील कार्यक्रमात अनेक माणसे उष्माघाताने दगावली. तेव्हा जवळच्या केंद्रावर पारा ३८ अंशांच्या आसपास होता. तेव्हा नुसत्या आकड्यावर विसंबू नये.

मग करावे काय? तहानेची वाट न पाहता थोडेथोडे पाणी प्यावे. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते, त्यांना आठवणीने द्यावे. ताक, पेज, अंबील, पन्हे यांनी पाण्याबरोबर मीठही मिळते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाणच पाळावे. कोणाचे अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. रोग्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

जुलाब झालेल्या मुलाची घागर तर तासाभरातही रिकामी होऊ शकते. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा (चमचा चहाचा घ्यावा) घालून ते पाणी घोटघोट पाजावे. साखरेबरोबर मीठ आतड्यातून रक्तात जाते आणि मिठामागून पाणी जाते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा सलाइन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्यावर हजारो रोग्यांना वाचवले.

त्या पाण्याची किंमत काही पैसे होती, पण ते वेळेवर आणि योग्य प्रमाणात मिळाले म्हणून माणसे जगली. आपल्या घरात हे प्रमाण प्रत्येकाला तोंडपाठ असावे. आज संध्याकाळीच चमच्याने मोजून ते मुलांना करून दाखवावे.